तेवेनारांची हरवलेली कबर

मार्सलीन तेवेनारची उमेदीची सगळी वर्षं बुराय गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. गावातली निम्मी माणसं तिच्या हातचं खाऊन वाढलेली. त्यामुळे पोलीस असो की बँकेतला कारकून, त्याला भर रस्त्यात थांबवून, तू लहानपणी भोपळा खिशात लपवायचास, याची आठवण करून द्यायला ती कमी करायची नाही. नवरा घोड्यावरून पडून गेला, मुलगी लग्न करून फ्रान्सला गेली, आणि नोकरी संपल्यावर मार्सलीन गावाच्या वरच्या अंगाला, नदीच्या खोऱ्यातल्या वडिलोपार्जित जमिनीवर एकटी उरली. पत्र्याचं घर, थोडी गुरं, म्हातारी झालेली कॉफीची झाडं आणि एक चावरा कुत्रा. तिच्या एकटेपणाबद्दल कोणी हळहळ दाखवली की ती म्हणायची, "आयुष्यभर पोरांचा गोंगाट ऐकलाय. आता कुत्रा भुंकला तरी पुरे."

एका फेब्रुवारीत राजधानीहून, नुमेआहून, तिच्या चुलतभावाचा, रेजिसचा फोन आला. रेजिस विम्याच्या धंद्यात होता आणि कुठलंही काम हातात घेतलं की आधी त्याची समिती करायचा. या वेळी त्याने सगळ्या तेवेनारांना एकत्र आणायचं मनावर घेतलं होतं. घराण्याचे मूळपुरुष, पणजोबा आन्सेल्म, फ्रान्सहून या दूरच्या फ्रेंच बेटावर उतरले त्याला शतक उलटून गेलं. ऑगस्टमध्ये त्यांचा सगळा गोतावळा मार्सलीनच्या जमिनीवर जमणार, मांडव पडणार, हरणाचं मांस भाजलं जाणार आणि शेवटी पणजोबांच्या कबरीवर पितळी पाटी बसणार. पाटीवरचा मजकूरसुद्धा ठरला होता. फक्त कबर कुठे आहे ते कोणाला माहीत नव्हतं.

"तू तिथंच राहतेस," रेजिस म्हणाला, "तेव्हा ते तू बघ."

"मी इथं राहते म्हणून कबर काय माझ्या परसात उगवणार आहे?" असं म्हणून मार्सलीनने फोन ठेवला खरा, पण त्या दिवशी भात करपेपर्यंत ती त्याच विचारात होती. आपण या माणसाच्या जमिनीवर जन्मलो, त्याचं आडनाव लावलं, आणि तो कुठे पुरलाय हे विचारायचं आपल्याला कधी सुचलं नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

लहानपणी तिला सांगितलेलं असं, की आन्सेल्म पणजोबा स्वतःच्या पैशाने तिकीट काढून आलेले शेतकरी होते. खोऱ्यातल्या सगळ्याच घरांचे पणजोबा स्वतःच्या तिकिटाने आलेले होते. मग इतकी वर्षं फ्रान्सहून कैद्यांची जहाजं भरभरून येत होती ती माणसं गेली कुठे, असं विचारणाऱ्या पोराला जेवणाच्या टेबलावरून उठवलं जाई. पुढे काळ बदलला. लोक सरकारी दफ्तरांत जाऊन आपापले पूर्वज शोधू लागले, आणि आन्सेल्म हा विहिरी खणणारा गडी होता, मालकाचं गवताचं कोठार पेटवल्याबद्दल त्याला काळ्या पाण्यावर धाडलं होतं, हे घरात सगळ्यांना कळलं. आता तर तरुण पोरं ते कौतुकाने सांगत. शिक्षा भोगून झाल्यावर त्याला इथे जमिनीचा तुकडा मिळाला. बुरायच्या जोगिणींच्या मठात कैदी बायका ठेवलेल्या असत. तिथे त्याने झेलीला पाहिलं, दोनदा पहाऱ्यात बोलला आणि लग्न केलं. तिला चार मुलं झाली. धाकटी लेआ सहा-सात वर्षांची असताना तापाने गेली. त्यानंतर मात्र आन्सेल्मबद्दल कोणालाच काही ठाऊक नव्हतं. झेलीची कबर नुमेआत होती, लेआची बुरायमध्ये, थोरल्या मुलाची, म्हणजे मार्सलीनच्या आजोबांचीही बुरायमध्येच. आन्सेल्मची नव्हती.

मार्सलीनने आधी दफनभूमी पालथी घातली, मग पाद्रीबाबांना विचारलं. त्यांनी हात वर केले. राहता राहिली क्लोतिल्द आत्या. तिच्या वडिलांची ही बहीण नव्वदीला आली होती आणि गावातल्या वृद्धाश्रमात राहत होती. कान मंद झाले होते, जीभ शाबूत होती.

मार्सलीन केक घेऊन गेली. आत्याने केक खाल्ला, कोरडा झालाय म्हणून सांगितलं, आणि कबरीचा विषय निघाल्यावर खिडकीबाहेर बघत बसली.

"आत्या, ऐकू आलं ना?"

"आलं. तो समुद्रात बुडाला. आम्हाला तसंच सांगायला शिकवलं होतं."

"शिकवलं होतं म्हणजे बुडाला नाही."

आत्याने रुमालाने ओठ टिपले. "तू लहानपणापासून चोंबडी आहेस," ती म्हणाली. "त्याला वेड लागलं होतं. कळलं? बायकोपोरं उघड्यावर टाकली आणि वर डोंगरात जाऊन दगड वाहत बसला. माझ्या बापाने शेवटपर्यंत त्याचं नाव तोंडातून काढलं नाही. कैद्याचा मुलगा म्हटलं तर तो एकवेळ ऐकून घ्यायचा, पण वेड्याचा मुलगा म्हटलं की मारायला उठायचा."

"वर डोंगरात म्हणजे नेवाओला?"

"दुसरं काय आहे वर?" आत्या म्हणाली, आणि पांघरूण ओढून घेऊन झोपेचं सोंग केलं.

नेवाओ म्हणजे खोऱ्याच्या माथ्यावरची कनाक लोकांची, बेटाच्या मूळ रहिवाशांची वस्ती. मार्सलीनच्या घरापासून गाडीने अर्धा तास. तिथली पोरं तिच्या हातचं जेवली होती, तिथल्या बायका बाजारात तिच्याशेजारी बसून कंद विकायच्या. पण वस्तीच्या फाटकाच्या आत ती आयुष्यात दोनतीनदाच गेली असेल, तीही कोणाच्या मयताला. मधे, कनाक स्वातंत्र्य मागायला उठले तेव्हा, एक वाईट काळ येऊन गेला होता. रस्ते अडवायला झाडं आडवी टाकली गेली, तेवेनारांची गुरं मारली गेली, तिच्या नवऱ्याने उशाशी बंदूक घेऊन रात्री काढल्या. नंतर सगळं निवलं. बाजारात पुन्हा नमस्कार-चमत्कार सुरू झाले. त्या काळाचा विषय मात्र ना त्यांनी काढला ना हिने.

तिने दुकानातून फुलाफुलांचं कापड घेतलं, तंबाखू घेतली, वर एक नोट ठेवली आणि रीत करायला, म्हणजे काही मागण्याआधी कनाकांपुढे ठेवायची ती भेट ठेवायला, एली नेमोयाकडे गेली. एली रस्त्यांच्या खात्यात कामाला होता आणि कुळातला कर्ता पुरुष होता. घरापुढच्या झाडाखाली तिने कापड दोघांच्या मधे जमिनीवर ठेवलं. काय बोलायचं ते गाडीत दहादा घोकलं होतं, पण आयत्या वेळी एवढंच तोंडातून निघालं, "माझे पणजोबा तुमच्याकडे कुठेतरी असावेत. मी त्यांच्याबद्दल विचारायला आलेय."

एलीने कापडाला हात लावून ते स्वीकारलं.

"इतक्या वर्षांत तुमच्यापैकी कोणी आलं नाही," तो म्हणाला. "आम्हाला वाटायचं तुम्हाला माहीत आहे आणि नको आहे."

"आम्हाला माहीतच नव्हतं."

"बरं," एली म्हणाला. ही गोष्ट सांगायचा मान आपला नाही, वस्तीतल्या सगळ्यांत वयस्कर नाओमी आजीचा आहे, आणि नवे कंद निघून त्यांचा सोहळा पार पडल्याशिवाय आजी जुन्या गोष्टी काढणार नाही, असं सांगून त्याने तिला परत पाठवलं. निघताना मार्सलीनला पपया दिल्या. त्यालाही भोपळा आवडत नसे हे तिला गाडीत बसल्यावर आठवलं, पण तिने तो विषय काढला नाही.

एप्रिलमध्ये बोलावणं आलं. नाओमी आजी चटईवर पाय पसरून बसली होती, डोळ्यांत मोतीबिंदू, मांडीवर पणतू. तिने हे सगळं तिच्या आईकडून ऐकलं होतं, आणि आईने लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. ती थांबत थांबत सांगत गेली, अडलं तिथे एली फ्रेंचमध्ये समजावत गेला, आणि मार्सलीनला आपल्या पणजोबांचं राहिलेलं आयुष्य कळलं ते असं.

आन्सेल्मला जमीन मिळाली तेव्हा झेलीला नदीवरून पाणी वाहावं लागे. विहीर खणणं हे तर त्याचं कामच. त्याने घराशेजारी विहीर खणली, झरा लागला, पण माती ढासळायला लागली. आतून बांधून काढायला चांगले दगड हवे होते. खोऱ्याच्या वरच्या टोकाला त्याला ते आयते सापडले. गोल चौथरे होते, गवताने झाकलेले, रचलेल्या दगडांचे. नेमोया कुळाची जुनी वस्ती ती. जमिनी गेल्या म्हणून कनाकांनी केलेल्या बंडाळीनंतर सरकारने त्यांना आणखी वर हुसकलं होतं, घरं जाळली होती, आणि उरले होते ते घरांचे चौथरे. कागदोपत्री ती जागा कोणाचीच नव्हती. आन्सेल्मने बैलगाडी नेली आणि सगळ्यांत मोठा चौथरा उपसून आणला. त्यातल्या एका दगडावर वर्तुळं कोरलेली होती. तो दिसायला चांगला म्हणून त्याने विहिरीच्या काठावर बसवला.

विहीर खोऱ्यात नावाजली गेली. शेजारीपाजारी बघायला यायचे. झेली आता कॉफी धुऊन सुकवून विकू लागली होती, घराला पत्रा चढला होता. जन्मात पहिल्यांदा त्या दोघांना कोणी हटकत नव्हतं.

मग लेआ आजारी पडली. ताप उतरेना, डॉक्टर गावात नव्हता. वरच्या वस्तीतली एक म्हातारी झाडपाला जाणणारी होती, तिला आन्सेल्मने जाऊन आणलं. ती अंगणात आली आणि विहिरीपाशी थबकली. तिने काठावरच्या वर्तुळांच्या दगडावर हात फिरवला. तिच्या नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या घराचा उंबरा होता तो. त्या घरात कुळातल्या प्रत्येक पोराचं नाव ठेवलं जायचं. म्हातारी तिथेच बसली, तो उंबरा कोणाचा ते आन्सेल्मला सांगितलं आणि रडली. मग उठून आत गेली, पोरीला पाला वाटून दिला, आणि परत गेली. लेआ तिसऱ्या दिवशी गेली.

"दगडांनी पोर नेली असं आम्ही कधी म्हटलं नाही," नाओमी आजी म्हणाली. "हे लिहून ठेव हवं तर. माझी आई पण म्हणायची नाही. ते तोच म्हणायचा."

पोरीला पुरून आल्यावर आन्सेल्मने विहिरीचा काठ फोडायला घेतला. झेलीला वाटलं, दुःखाने झालंय, चार दिवसांनी ओसरेल. पण तो काठावरून आत उतरला आणि एकेक थर काढून दगड गाडीत भरू लागला. उघडी माती ढासळून पाणी गढूळ झालं. झेली पुन्हा नदीवरून पाणी आणू लागली.

या नवराबायकोचं भांडण खोऱ्याने ऐकलं होतं आणि नेवाओपर्यंत पोचलं होतं. झेली म्हणाली, "पोरगी तापाने गेली. दगडाला काय कळतं?"

आन्सेल्म म्हणाला, "मला कळतं ना."

"मग माझी तीन उरलीत त्यांनी काय प्यायचं?"

त्यावर तो गाडी जुंपून निघून गेला. पावसाळा तोंडावर आला तेव्हा झेली तिन्ही मुलांना घेऊन नुमेआला गेली आणि तिथे लोकांचे कपडे धुऊन तिने त्यांना वाढवलं. हे ऐकताना मार्सलीनला प्रथमच पणजोबांचा राग आला. आत्या चुकत नव्हती, बायकोपोरं उघड्यावर पडलीच होती. थोरला मुलगा हाताशी आल्यावर परत येऊन जमीन कसू लागला, पण बाप दिसला की तो वाट बदलायचा.

वर गाडी घेऊन गेलेल्या आन्सेल्मचं स्वागत कोणी केलं नाही. त्याने दगड ओतले आणि निघाला, तेव्हा नाओमीच्या आजोबांनी त्याला अडवलं. ते म्हणाले, "असे ढिगाने टाकून जाऊ नकोस. जिथून उचललेस तिथे ठेव."

"कुठला कुठे होता ते आठवत नाही."

"मग बस, आणि आठव."

तो खरंच बसला. पोरं त्याला हसायला यायची. नाओमीची आई त्यांतलीच एक. त्याने रचायचं, म्हातारीने येऊन मान हलवायची, त्याने पुन्हा काढायचं. काही दगड रानातून आणायला लागले, काहींवर वाद झाला. पहिल्या वर्षी त्याला कोणी जेवायलाही विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी कोणीतरी त्याच्या खोपटापुढे एक कंद ठेवून गेलं. पुढे त्याने वस्तीसाठी डोंगरातला झरा बांधून पाणी खाली आणलं, त्याबदल्यात त्याला कंदाचा वाफा मिळाला, पण त्याला कंद कधी नीट लावता आला नाही. त्यांची भाषाही त्याने शिकली, वाईट उच्चारांनी. वस्तीतले लोक त्याची नक्कल करायचे आणि तोही हसायचा. असा तो वीसेक वर्षं राहिला आणि झोपेत गेला. कुळाने त्याला चौथऱ्याच्या जवळ पुरलं. अगदी आपल्या माणसांत नाही, आणि बाहेरही नाही, मधल्या कडेला.

"कबर साफ कोण ठेवतं?" मार्सलीनने विचारलं.

"कोण म्हणजे?" आजीला प्रश्नच कळला नाही. "आम्हीच."

मग आजीने आणखी एक गोष्ट सांगितली. काम पुरं झालं नव्हतं. विहिरीच्या तळाचे दगड पाण्यात होते, ते त्याला निघाले नाहीत. मरताना त्याला तीच रुखरुख होती. मार्सलीनला ती विहीर चांगलीच माहीत होती. गुरांच्या कोंडवाड्यामागचा खड्डा, वर्षानुवर्षं कोरडा, ज्यात तिच्या नवऱ्याने तारांची भेंडोळी आणि फुटके डबे टाकले होते. ती एवढंच म्हणाली, "आता त्यात पाणी नाहीय."

रेजिसला हे सगळं फोनवर सांगायला बराच वेळ लागला. त्याने मधे तोंड घातलं नाही हे नवल. शेवटी त्याने विचारलं, "पण पाटी तर लावता येईल ना?"

पाटीवर 'खोऱ्याचा आद्य वसाहतकार' असं कोरलेलं होतं. मार्सलीनने तो मजकूर एलीला वाचून दाखवला होता. तो हसला नाही की रागावला नाही. "आद्य?" एवढंच म्हणाला. त्यावर तीच ओशाळली. पाटी नको, मांडवातली सगळी गर्दीही नको, दहापंधरा माणसांनी रीत करून यावं, असा वस्तीचा निरोप होता.

समितीत खडाजंगी झाली. काहींनी सांगितलं की जमीन मागायचा हा नवा डाव आहे. काहींना वेडा पणजोबा नको होता, कोठार जाळणारा चालत होता. रेजिसने दोन आठवडे फोन केला नाही. मग एका शनिवारी तो जुने कपडे आणि दोन भाचे घेऊन मार्सलीनकडे हजर झाला आणि कोंडवाड्यामागचा खड्डा उपसायला लागला. "मला ती पाटी आवडली होती," कपाळावरचा घाम पुसत तो म्हणाला. "कोरायला फार चांगला माणूस मिळाला होता."

"माहितेय," मार्सलीन म्हणाली, आणि त्याला कॉफी दिली.

तळाशी दगड होते. ओलसर, काळे, अजून जागेवर.

ऑगस्टमधल्या त्या सकाळी बाकीचे तेवेनार मांडवात हरणाचं मांस भाजत राहिले, आणि ज्यांना यायचं होतं ते ट्रकमधून दगड घेऊन वर गेले. एलीच्या घरची माणसं वाटेवर उभी होती. रेजिसने कापड ठेवलं. त्याने भाषण लिहून आणलं होतं, पण पहिल्याच वाक्यानंतर त्याने कागद घडी करून खिशात घातला, आणि उरलेलं मार्सलीन बोलली, न वाचता. दोन्हीकडच्या पुरुषांनी हातोहात दगड उतरवले. ते कुठे बसायचे याची जागा नाओमी आजीने काठीने दाखवली, आणि एकदा तिने चुकीची दाखवली म्हणून तिच्याच नातवाशी तिचं वाजलं. कबर साधी होती, कडेने पांढरे शंख लावलेले. मार्सलीनने तिच्यावर हात ठेवला. तिला मोठं काही वाटलं नाही. झेली इथे कधी आली असेल का, एवढंच मनात आलं, आणि ते विचारायला आता कोणी उरलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तिने क्लोतिल्द आत्याला जाऊन सगळं सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं. वर गारठा असतो का, असं विचारलं. असतो, सकाळचा, असं मार्सलीन म्हणाली. "माझ्या बापाला सांगायला हवं होतं," आत्या म्हणाली, आणि पांघरूण सारखं करत, "त्याने ऐकलं नसतं म्हणा."

सप्टेंबरमध्ये नेवाओहून कंद लावायला बोलावणं आलं. मार्सलीन गेली. आयुष्यभर तिने कंद सोलले होते, शिजवले होते, लावला मात्र एकही नव्हता. तिने पहिलाच उलटा पुरला. शेजारच्या वाफ्यातल्या बायकांनी ते पाहिलं, आपापसांत काहीतरी म्हणाल्या आणि पोट धरून हसायला लागल्या.

"काय म्हणताहेत?" तिने एलीला विचारलं.

एली सांगेना. शेवटी म्हणाला, "म्हणताहेत, हिच्या रक्तातच आहे." मार्सलीनने कंद उकरून काढला आणि सरळ करून पुन्हा लावला.